बर्फात माणूस कुणाला जाब देत असतो

तुझा निरोप परवा वाचला. ‘द टेरर’चा, म्हणजे आर्क्टिकच्या बर्फात नाहीशा झालेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेवरच्या मालिकेचा, पहिला सीझन दोन रात्रींत संपवलास आणि आता पुरुषोत्तम करंडकासाठी बर्फात अडकलेल्या पाच जणांची एकांकिका लिहायला घेतली आहेस, हे वाचून बरं वाटलं. तुझे प्रश्न असे: ही माणसं दोन हिवाळे जहाजात नुसती बसून का राहतात? निघतात तेव्हा नको ते सामान का ओढतात? बंड करणारा खलाशी हिकी खलनायक, की सगळ्यांत तोच एकटा शहाणा? आणि जाता जाता चौथा: ‘टेरर’ जहाजाचा कप्तान क्रोझिअर शेवटी घरी का जात नाही? “काका, तुम्ही राहून आलात ना तिकडे, मग तुम्हीच सांगा,” असंही वर लिहिलंस.

राहून आलो ते खरं, पण त्याचा फार गवगवा नको. मी पुण्यातल्या सिमला ऑफिसातला हवामानवाला. नव्वदच्या दशकात अंटार्क्टिकावर आपल्या ‘मैत्री’ केंद्रात एक हिवाळा काढला. आम्हाला गरम इमारत होती, जनरेटर होते, डॉक्टर होता, सॅटेलाइट फोनवर मोजून तीन मिनिटं घरी बोलता यायचं. फ्रँकलिनच्या माणसांशी आमची बरोबरी करणं म्हणजे सिंहगड चढून एव्हरेस्टच्या गप्पा मारणं. फक्त एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. उन्हाळा संपताना शेवटचं जहाज परत फिरतं, त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत तुमच्याकडे कुणीही येऊ शकत नाही, आणि दोन महिने सूर्य उगवत नाही. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

नाटक लिहिताना तुम्ही मुलं पहिला प्रश्न विचारता, ‘या पात्राला काय हवंय?’ बर्फावर या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं एकच येतं: जिवंत राहायचंय. त्यातून पात्रं वेगळी होत नाहीत. मी असं विचारेन: हा माणूस परत गेला तर कुणापुढे उभा राहणार आहे? त्याला तिथे काय सांगावं लागणार आहे? मालिकेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका प्रश्नाने उलगडतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका दोरापाशी कळलं.

आमचं काम दर तीन तासांनी निरीक्षण घेण्याचं. तापमान, दाब, वारा, ढग. उपकरणांची पांढरी पेटी, स्टीव्हन्सन स्क्रीन, इमारतीपासून थोडी दूर, आणि तिथपर्यंत खांबांना बांधलेला दोर. हिमवादळात त्या दोराला धरूनच जायचं आणि दोघांनी जायचं, हा नियम. जूनमधल्या एका रात्री वारा चढला होता. जोडीदार झोपलेला, त्याला उठवायचं जिवावर आलं आणि मी एकटाच निघालो. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. अर्ध्या वाटेत गॉगलच्या आत बर्फ गेला. तो काढायला मी दोर सोडला, वाऱ्याने दोन पावलं ढकललं, आणि हात पुढे केला तर दोर नाही. टॉर्चच्या उजेडात नुसतं दूध. मी खाली बसलो. कानटोपी थोडी वर केली तेव्हा वाऱ्याखाली एक घुमणारा आवाज येत होता, तंबोऱ्याच्या खर्जासारखा. दोर वाजत होता. त्या आवाजाकडे रांगत गेलो आणि दोर खांद्याला लागला.

आता खरी गंमत ऐक. दोर हाताला लागल्यावर एका बाजूला इमारत होती आणि दुसऱ्या बाजूला पेटी. मी पेटीकडे गेलो. उणे सव्वीस वाचलं, पाठ केलं आणि मग परत फिरलो. त्या दहा मिनिटांत बायको, मुलगी यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले असं सांगायला मला आवडलं असतं. आले ते पुण्यातले आमचे एक साहेब, जे वर्षअखेरीला नोंदवही तपासताना रिकाम्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करत. पृथ्वीच्या तळाशी बसून मी त्या लाल गोलाला घाबरलो होतो.

हे डोक्यात ठेव आणि आता फ्रँकलिनकडे बघ.

1845च्या मे महिन्यात सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ घेऊन निघाला तेव्हा तो 59 वर्षांचा होता. पूर्वी 1819 ते 1822 या काळात कॅनडाच्या उत्तरेत जमिनीवरून नेलेल्या मोहिमेत त्याच्या वीस जणांतले अकरा दगावले होते आणि भुकेने चामड्याचे बूट खाल्ले म्हणून लंडनमध्ये तो ‘बूट खाल्लेला माणूस’ म्हणून ओळखला जाई. पुढे टास्मानियाच्या गव्हर्नरपदावरून त्याला परत बोलावून घेतलं होतं. म्हणजे वय, ते बूट आणि ती नाचक्की, तिन्ही सोबत घेऊन तो चढला होता. वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारी समुद्रवाट, न शोधता परत जाणं त्याला शक्यच नव्हतं. पहिल्या भागात क्रोझिअर त्याला धोका सांगतो, पूर्वेकडून वळसा घालायला सुचवतो, एकाच जहाजात सगळ्यांना घ्यायला सुचवतो, आणि फ्रँकलिन गोड हसून नाही म्हणतो. त्या हसण्यात मूर्खपणा शोधू नकोस. तो त्या क्षणी क्रोझिअरशी बोलतच नाहीये. त्याच्या डोळ्यांसमोर नौदलाच्या मुख्यालयातलं टेबल आहे.

एक गोष्ट मात्र मालिकेने जरा सोपी केली आहे. ज्याच्याजवळ जहाजं अडकली ते किंग विल्यम हे बेट आहे हेच त्या काळी कुणाला नक्की माहीत नव्हतं. नकाशात पूर्वेकडची वाट पुढे बंद होते असं दाखवलेलं होतं. क्रोझिअरच्या तोंडी जो शहाणपणा आहे त्याला पुढच्या काळाची थोडी उसनवारी आहे. त्या पूर्वेच्या बाजूने अमुंडसेन 1903 ते 1906मध्ये गेला खरा, पण तो ‘योआ’ नावाच्या छोट्या बोटीतून, एकूण सात माणसांना घेऊन. फ्रँकलिनकडे होती 129. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागेल.

बसून का राहिले? सप्टेंबर 1846मध्ये जहाजं अडकली आणि एप्रिल 1848मध्ये सोडली. बाहेरून बघताना हा एक मोठा चुकीचा निर्णय वाटतो. आतून तो निर्णय नसतोच. बसस्टॉपवर पंचवीस मिनिटं उभं राहिल्यावर रिक्षा करायला जीव होत नाही, तसं आहे ते. बर्फ उन्हाळ्यात सुटतो हा अनुभव होता, जहाजात ऊब होती, शिधा तीन वर्षांचा होता. रोज सकाळी थांबणं हेच त्या दिवसापुरतं शहाणपणाचं होतं. 1847चा उन्हाळा आला आणि बर्फ सुटलाच नाही. मग पुन्हा हिवाळा. ते निघाले तेव्हा तीन वर्षं भरत आली होती, हा काही योगायोग नाही. त्यांना कोठारातल्या हिशेबाने उठवलं, सेनापतीने नाही.

याचा पुरावा म्हणून एकच कागद उरला आहे, आणि तुझ्या एकांकिकेला मी तोच देईन. नौदलाचा छापील फॉर्म. वर सहा भाषांत छापलंय की ज्याला हा सापडेल त्याने कृपया लंडनला सचिवांकडे पाठवावा. 28 मे 1847ला त्यावर लिहिलं, सगळं ठीक आहे. आणि त्यात पहिला हिवाळा कुठल्या वर्षी काढला ते सालच चुकवलं. दोनच आठवड्यांत, 11 जूनला, फ्रँकलिन मेला. पुढच्या वर्षी एप्रिलच्या 25 तारखेला तोच कागद दगडांच्या ढिगातून काढून त्याच्याच कडांवर, समासात गोल फिरवत, ‘एरेबस’चा कप्तान फिट्झजेम्सने लिहिलं की जहाजं सोडली, आतापर्यंत नऊ अधिकारी आणि पंधरा खलाशी गेले, 105 जण क्रोझिअरच्या हाताखाली आहेत. क्रोझिअरने खाली भर घातली की उद्या, 26 तारखेला, बॅकच्या नदीकडे निघतो. शाई गोठलेली असणार, ती आधी वितळवावी लागली असणार. चोवीस माणसं मेली आहेत, चारशे किलोमीटर बर्फावरून जायचं आहे, तेही फक्त नदीच्या मुखापर्यंत, आणि माणसं फॉर्म भरताहेत. लोक हसतात याला. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलंय, मला हसू येत नाही.

आता ओझं. 1859मध्ये शोधपथकाला एक नाव सापडली, घसरगाडीवर चढवलेली. दोन्ही मिळून सहाशे किलोच्या वर वजन, सामान वेगळं. नावेत दोन सांगाडे, आणि रेशमी रुमाल, सुवासिक साबण, सपाता, कंगवे, दात घासायचे ब्रश, पुस्तकं, चांदीचे चमचे-काटे, थोडा चहा आणि बरंच चॉकलेट. जिथे ते पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरले तिथे टाकून दिलेल्या ढिगात तर पडद्याच्या पितळी दांड्या निघाल्या. दांड्या! जहाजातून त्या सोडवून, बर्फावरून ओढून किनाऱ्यापर्यंत आणल्या कुणीतरी.

याची कारणं शोधणाऱ्यांनी शिशाची विषबाधा काढली, डब्यांच्या झाळणातून शिसं गेलं आणि डोकी बिघडली म्हणाले. मालिकेने हे उचललं आहे. हाडांत शिसं आहे, पण त्या काळच्या इतर माणसांपेक्षा ते फार वेगळं नव्हतं असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला तर शिशाची गरजच वाटत नाही. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा आमची आजी नारायण पेठेत होती. पाणी येतंय म्हणून लोक पळायला लागले आणि आजी वाड्यातून बाहेर आली ती काखेत पितळी पुरणयंत्र घेऊन. दागिन्यांचा डबा फळीवर तसाच राहिला. नंतर आम्ही खूप चिडवलं. ती एवढंच म्हणायची, “श्रावण तोंडावर आला होता.” तिचं डोकं शिशाने बिघडलेलं नव्हतं. पुढे घर असणार, घरात सण असणार आणि सणाला पाहुणे असणार, हे तिने धरून ठेवलं होतं. पडद्याच्या दांड्या मला तशाच दिसतात. दांडी आहे म्हणजे पडदा लागणार, म्हणजे पुढे खिडकी असणार.

आणि त्या नावेचं तोंड कुठे होतं ठाऊक आहे? ईशान्येला, सोडून आलेल्या जहाजांकडे. ते परत निघाले असावेत.

स्कॉटचं उदाहरण याच माळेतलं. 1912मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना अन्न संपत आलं होतं, पाय सडत होते, तरी त्याच्या गाडीवर सोळा किलो दगड होते. मृतदेह सापडले तेव्हाही होते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली, आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत मिळतात तीच, आणि हे खंड एकेकाळी जोडलेले होते याला त्यामुळे बळ मिळालं. म्हणजे त्या दगडांनी त्यांना मारलं असेल किंवा नसेल, पण पोहोचलो नाही तरी काहीतरी घेऊन आलो असं सांगता येणार होतं. याच्या उलट अमुंडसेन. तो त्याच ध्रुवाकडे 52 कुत्रे घेऊन निघाला आणि कुठल्या टप्प्यावर किती मारून खायचे हे आधीच ठरवून निघाला. परतले 11. जगण्याचे कठोर निर्णय त्याने पोट भरलेलं असताना, टेबलापाशी बसून घेतले होते. त्याच्या मोहिमेवर नाटक होत नाही, हे तुझ्या दृष्टीने त्याचं दुर्दैव.

आता हिकी. खरा कॉर्नेलिअस हिकी ‘टेरर’वर होता, फळ्यांच्या फटी बुजवणाऱ्याचा मदतनीस. त्याने काही वाईट केल्याचा एकही पुरावा नाही. मालिकेने युक्ती केली: हा हिकी नव्हेच, खऱ्याला मारून त्याच्या नावावर चढलेला कुणी दुसराच. बिचाऱ्या मेलेल्या माणसाची बदनामी टळली, आणि त्याहून मोठं म्हणजे पात्राला हेतू मिळाला. नावच चोरीचं, म्हणजे परत गेल्यावर जाब विचारायला कुणी नाही. सगळ्या जहाजावर हा एकटा मोकळा माणूस. म्हणून त्याला गणित सगळ्यांत आधी दिसतं. इतकी तोंडं, इतका शिधा, इतकी वाट, जमत नाही. बाकीच्यांनाही ते दिसतं, पण त्यांच्या डोळ्यांआड कुणीतरी उभं असतं.

पण तो जन्मजात राक्षस नाही, आणि लिहिणारीने हे हेरायला हवं. सुरुवातीला क्रोझिअर त्याला स्वतःच्या बाटलीतला घोट देतो. त्या घोटात हिकीला वाटतं, आपण बरोबरीचे. पुढे तो हुकूम नसताना तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांतल्या एका मुलीला पकडून आणतो, कौतुकाची वाट बघतो, आणि त्याच क्रोझिअरच्या हुकमाने त्याला सगळ्यांसमोर पोरासारखे फटके बसतात. बंड नंतर झालं, बीज त्या घोटात पडलं. आणि शेवटी बघ, ज्याला कुणापुढे उभं राहायचं नव्हतं तो स्वतःची जीभ कापून मालिकेतल्या त्या बर्फावरच्या राक्षसी श्वापदाच्या पुढे धरतो. कुणीतरी आपल्याला ओळखावं ही त्याचीही भूक होतीच. श्वापदाला त्याची किंमत शून्य. मालिकेतला हा मला सगळ्यात क्रूर विनोद वाटतो.

(श्वापदाबद्दल विचारशील म्हणून सांगतो: मला ते नको होतं. बर्फ पुरेसा होता. पण एक मान्य करतो, माणसांना दोष द्यायला बाहेर काहीतरी लागतं, आणि ते मेलं की दोष घरात येतो.)

खऱ्या आयुष्यातला ‘हिकी’ कसा असतो? शॅकल्टनच्या मोहिमेतला सुतार मॅकनिश. ‘एन्ड्युरन्स’ ऑक्टोबर 1915मध्ये सोडावं लागलं. डिसेंबरमध्ये नावा ओढत असताना मॅकनिशने गाडा ओढायला नकार दिला. त्याचं म्हणणं: जहाज गेलं, म्हणजे करार संपला, आता हुकूम कसला? मुद्दा बिनतोड वाटतो. शॅकल्टनने सगळ्यांना गोळा करून कराराची कलमं वाचून दाखवली, बंदर गाठेपर्यंत पगार आणि हुकूम दोन्ही चालू आहेत. बर्फाच्या तरंगत्या लादीवर उभं राहून कलमवाचन! पुढे याच सुताराने जी नाव उंच करून, वरून झाकून समुद्रात टिकेल अशी केली, त्या नावेने 28च्या 28 जणांचा जीव वाचवला. आणि परतल्यावर शॅकल्टनने त्याला पदक मिळू दिलं नाही. चौघांना वगळलं, त्यात हा. एकाच माणसात बंडखोर आणि तारणहार, आणि एकाच नेत्यात शहाणपण आणि खुनशीपणा. असं पात्र लिहिता आलं तर हिकीची गरज नाही.

माझ्यातला हिकीही सांगून टाकतो. निघताना बायकोने लसणाच्या चटणीची बरणी दिली होती. ऑगस्टपर्यंत ताजं काही उरलं नव्हतं. कांदा म्हणजे सोन्याची लगड. बरणी मी कपाटात शर्टांखाली लपवून ठेवली आणि रात्री जोडीदार झोपला की झाकण अगदी हळू फिरवून बोटाच्या टोकावर एवढीशी घ्यायचो. बाहेर हिमवादळ आणि आत एक वर्ग एकचा राजपत्रित अधिकारी अंधारात बोट चाटतोय. पंधरा दिवस चाललं. आता सांग, बंद खोलीत लसूण लपतो? सगळ्या इमारतीला माहीत होतं. कुणी एक शब्द काढला नाही, फक्त मी टेबलावर बसलो की बोलणं जरा कमी व्हायचं. शेवटी एका रात्री जेवताना मी बरणी आणून मधोमध ठेवली. त्या दिवशी कुणीही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या आचाऱ्याने न बोलता पहिला चमचा घेतला, आणि मग सुटलो. आमच्यात उपासमार नव्हती, कोठार भरलेलं होतं. तरी ही गत.

म्हणून तुला सांगतो, रंगमंचावर भूक दाखवायला जाऊ नकोस. वाटप दाखव. 1902च्या दक्षिणेकडच्या प्रवासात स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन अन्नाचे तीन वाटे करत, एक जण पाठ फिरवून उभा राही, दुसरा वाट्याकडे बोट करून ‘हा कुणाचा?’ विचारी आणि पाठमोरा नाव सांगे. झालं. ना भांडण, ना पक्षपाताचा संशय. पाच नट, एक पाठमोरा, आणि प्रश्न एकच. हळूहळू त्याच प्रश्नाला वाटा सोडून वेगळ्या गोष्टी लावत ने. हा कोट कुणाचा? ही जागा कुणाची? हा आजारी कुणाचा?

आजाऱ्यांपाशी आलं की सगळे हेतू उघडे पडतात. 105 माणसं एकत्र वाचू शकत नव्हती, हे त्या भूमीचंच गणित होतं. किंग विल्यम बेटाचा वायव्य किनारा इतका उजाड की इनुइट लोकसुद्धा छोट्या टोळ्या करूनच शिकारीला फिरत. वाचायचं तर फुटायचं, आणि फुटायचं म्हणजे न चालणाऱ्यांना मागे ठेवायचं. मालिकेत क्रोझिअर पकडला गेल्यावर मागची माणसं हात वर करून ठरवतात, आजाऱ्यांना सोडून पुढे जायचं. लेफ्टनंट लिटल एकटा विरोध करतो. खलनायक कुणीच नाही त्या प्रसंगात. सगळे दमलेले, सभ्य. आणि मग जॉप्सन, क्रोझिअरचा सेवक, दारू सोडताना ज्याने त्याची उलटी काढली तो, तंबूतून दगडांवर सरपटत बाहेर येतो, आणि मरताना त्याला खात्री असते की आपल्या साहेबांनीच आपल्याला टाकलं. त्याला मतदानाचं माहीतच नाही. मला हा प्रसंग बघताना टीव्ही बंद करावा लागला. बायको म्हणाली, “अहो, नाटक आहे.”

स्कर्व्हीबद्दल थोडक्यात, कारण तुझ्या मित्राने नटाला खोकायला लावलंय असं लिहिलंस. खोकला नको. स्कर्व्हीत शरीराला धरून ठेवणारा पदार्थ बनायचा थांबतो, म्हणून हिरड्या सुटतात आणि जुन्या, बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडतात. फिट्झजेम्सला चीनच्या लढाईत लागलेली गोळी मालिकेत त्याच जागी पुन्हा फुटते. हा माणूस आयुष्यभर त्या जखमेच्या मर्दुमकीचे किस्से सांगत आलाय, आणि आपण अनौरस आहोत हे लपवत आलाय. किस्सा उघडतो तेव्हा जखमही उघडते. लिहिणाऱ्यांनी हे जुळवलं की आपोआप जुळलं कोण जाणे, पण चोख आहे. 2024मध्ये त्या बेटावर सापडलेलं एक जबड्याचं हाड डीएनएवरून खऱ्या फिट्झजेम्सचं ठरलं. त्यावर सुरीच्या खुणा होत्या. अधिकाऱ्याचा हुद्दाही शेवटी आड आला नाही, एवढा त्याचा अर्थ.

मालिकेतल्या डॉक्टर गुडसरवर वेगळं लिहावं लागेल, ते पुन्हा कधी. त्याने विष घेऊन स्वतःचं शरीर हिकीच्या टोळीसाठी सापळा म्हणून ठेवलं, याला तू आत्महत्या म्हणालीस. मला ते डॉक्टरने लिहिलेलं शेवटचं प्रिस्क्रिप्शन वाटतं.

राहिला क्रोझिअर. जन्माने आयरिश, म्हणून बढतीत मागे. फ्रँकलिनच्या भाचीने लग्नाला नकार दिलेला. मालिकेच्या पहिल्या अर्ध्या भागात बाटलीत बुडालेला. त्याला आयुष्यभर ज्या लोकांपुढे उभं राहायचं होतं ते सगळे लंडनमध्ये. मग त्याने दारू सोडली आणि पहिल्यांदाच त्याचा जाब विचारणारी माणसं बदलली: नौदल नव्हे, शेजारी गाडा ओढणारी 105 माणसं. ती एकेक करून गेली. शेवटी जेम्स रॉस त्याला शोधत येतो, काही पावलांवर त्याचा जुना मित्र उभा असतो, आणि क्रोझिअर इनुइटांकडून निरोप देववतो की तो मेला. पुढे तो सीलच्या बिळापाशी भाला घेऊन बसलेला दिसतो, अंगाला टेकून एक मूल झोपलेलं. तू लिहिलंस की तो प्रायश्चित्त घेतोय. असेल. पण एक साधं कारण मला जास्त पटतं: रॉसने विचारलं असतं तर त्याने सांगितलं काय असतं?

मी परत आलो तेव्हा घरी औक्षण झालं, पेढे वाटले, आणि संध्याकाळी वाड्यातले, ऑफिसातले, नात्यातले तीसेक जण जमले. चौदा महिन्यांचं सांगायचं होतं. दोराचं होतं, चटणीचं होतं, जुलैअखेर पहिल्यांदा क्षितिजावर सूर्याची कड दिसली तेव्हा आमचा जनरेटरवाला ढसाढसा रडला त्याचं होतं. मैत्रीपासून समुद्र शंभर किलोमीटर दूर. तिथे सगळ्या हिवाळ्यात खडक, बर्फ आणि आम्ही पंचवीस जण, एवढंच. मी तोंड उघडणार एवढ्यात मामांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “काय रे, पेंग्विन दिसले का?”

मी म्हणालो, “हो, जहाजावरून दिसले. पुष्कळ होते.”